एकशे चव्वेचाळीस वेळा ‘मला’

माझ्या मुलीचा कल बावन्न मिनिटांत मोजला गेला. हा आकडा माझा नाही, अहवालाच्या तळाशी छापलेला होता. घेतलेला वेळ बावन्न मिनिटे, एकूण विधाने एकशे चव्वेचाळीस, त्यांपैकी तटस्थ प्रतिसाद एकशे एकतीस. वर सात क्षेत्रांचे सात रंगीत स्तंभ होते, सगळे पन्नासच्या आगेमागे, जवळजवळ एका उंचीचे. आणि त्यांच्याखाली लाल अक्षरांत एक ओळ: ‘कल स्पष्ट नाही. चाचणी पुन्हा द्यावी.’

ती तेव्हा दहावीत होती. आम्ही पनवेलच्या खांदा कॉलनीत राहतो, शाळा घरापासून चालत बारा मिनिटांवर. त्या वर्षी कुठल्याशा कंपनीच्या मदतीतून शाळेला वीस टॅब मिळाले आणि संगणकाच्या खोलीवरची जुनी पाटी काढून ‘डिजिटल करिअर कक्ष’ अशी नवी लागली. टॅबवर एकेक विधान येई आणि खाली पाच पर्याय: अगदी सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, अगदी असहमत. मुलाने त्यातला एक दाबायचा. शेवटी ॲप सांगणार की मुलाचा कल कशाकडे आहे आणि दहावीनंतर त्याने काय घ्यावं. पालकसभेत कंपनीकडून आलेला तरुण म्हणाला होता, “तुम्हाला मूल ओळखायला पंधरा वर्षं लागली, आमच्या ॲपला वीस मिनिटं पुरतात.” सगळे हसले. मीही हसले.

अहवाल घ्यायला गेले तेव्हा वर्गशिक्षिकेने कागद माझ्यासमोर फिरवून धरला.

“ताई, तुमची मुलगी चांगली आहे हो, पण हे काय करून ठेवलंय बघा. सगळं मधलंच. कंटाळून दाबत सुटली असणार.”

“तिला बावन्न मिनिटं लागलीत,” मी म्हणाले.

“मग मध्ये डुलकी लागली असेल,” माझ्या मागे रांगेत उभे असलेले एक पालक म्हणाले.

शाळेतल्या मावशी दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. त्या ओवे गावाहून येतात. त्यांनी तिथूनच उत्तर दिलं, “नाय ओ, झोपली कुठं? सगली पोरं उठून गेली तरी ती बसलेलीच. एकेक वाचीत व्हती न मंग बोट लावीत व्हती.”

मी तिथेच मनात भागाकार केला. बावन्न मिनिटं म्हणजे तीन हजार एकशे वीस सेकंद. एका विधानाला जवळजवळ बावीस सेकंद. कंटाळून दाबणारं मूल बावीस सेकंद थांबत नाही. हे मला तेव्हा कळलं होतं, म्हणून लिहून ठेवते आहे.

“रविवारपर्यंत घरून लिंकवर परत द्यायला सांगा,” शिक्षिका म्हणाल्या. “सोमवारी सगळ्यांचे अहवाल वर पाठवायचेत. अस्पष्ट एकही नको, असा निरोप आहे.”

घरी आल्यावर मी तिला विचारलं. ती वाळलेले कपडे घड्या करत होती.

“सगळीकडे तटस्थ का दाबलंस?”

“बाकीचं खोटं झालं असतं.”

“म्हणजे कसं?”

“‘मला बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायला आवडतात.’ मी कधी केलीत? ‘मला लोकांना एखादी वस्तू पटवून द्यायला आवडतं.’ मी कधी काय विकलंय? शाळा, क्लास, घर. करून बघितल्याशिवाय आवडतं का नाही, कसं सांगू?”

“अंदाजाने सांगायचं.”

“तूच म्हणतेस ना, मोजलं नाही ते लिहायचं नाही.”

बाहेरच्या खोलीतून तिचे बाबा मोठ्याने हसले. “घ्या! आता बोला. कोणाची लेक आहे?”

“परत दिली तरी तेच येईल, आई,” ती म्हणाली. “तू त्यांना सांग ना, की सध्या एवढंच आहे म्हणून.”

मी म्हणाले, बघते.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, बावीस वर्षं. तयार मालाचे नमुने येतात, आम्ही ते तपासतो, आकडा नोंदवतो. आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा चुकीचा आकडा हा नाही. चूक कोणाचीही होते. मोठा गुन्हा म्हणजे नमुना नापास झाला की हवा तो आकडा मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत राहणं आणि शेवटचा तेवढा वहीत लिहिणं. दुसऱ्यांदा तपासायचं तर आधी पहिल्या निकालाचं कारण शोधून लिहावं लागतं. कारण सापडलं नाही तर पहिला निकाल खरा धरायचा. नव्याने लागलेल्या प्रत्येक मुलामुलीला हे मी स्वतः शिकवते. एका मुलाला याच गोष्टीसाठी मी नोकरीवरून काढायला लावलं होतं आणि त्याचं मला वाईटही वाटलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी मुलगी जुन्या पनवेलला गणिताच्या क्लासला गेली होती आणि हे त्यांच्या भावाकडे. मी फोनवर लिंक उघडली. प्रवेशासाठी शाळेचा नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख लागत होती, दोन्ही मला पाठ. फक्त प्रश्न कसे आहेत ते बघायचे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण पहिल्या विधानाचं उत्तर दिल्याशिवाय दुसरं दिसत नव्हतं.

सुरुवातीची वीसेक उत्तरं मी प्रामाणिकपणे तिच्या बाजूने दिली. ‘मला लहान मुलांबरोबर वेळ घालवायला आवडतं.’ मी आठवलं, भावाच्या घरी गेल्यावर ती त्याच्या धाकट्याला घेऊन बसते का? बसते. सहमत. ‘मला अनोळखी लोकांसमोर बोलायला आवडतं.’ नाही, असहमत. पण प्रत्येक विधान ‘मला’पासून सुरू होत होतं. मला अमुक आवडतं, मला तमुक जमतं, मला याचा कंटाळा येतो. ‘तुमच्या मुलीला’ असं कुठेही नव्हतं. सदतिसावं विधान होतं, ‘मला एकच काम तासन्‌तास बारकाईने करत बसायला आवडतं.’ मी ‘अगदी सहमत’ दाबलं. ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत रंग बदलायची वाट बघणारा माझा स्वतःचा हात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होता.

मला कळलं नाही, असं लिहिणं सोयीचं होईल. पण कळलं होतं. सदतिसाव्याला कळलं, आणि मी अडतिसावं वाचायला घेतलं. पुढच्या उत्तरांत तर मला एक प्रकारची मजा यायला लागली. मला असलं कोणी कधी विचारलं नव्हतं. आमच्या वेळी वडिलांनी सांगितलं, बीएस्सी कर, मी केलं. ते चुकलं नाही ना, असं एकशे चव्वेचाळीस वेळा कोणीतरी मला विचारत होतं आणि मी हो म्हणत होते. तेवीस मिनिटं लागली. एका विधानाला साडेनऊ सेकंद.

अहवाल लगेच आला. संशोधन आणि प्रयोगशाळा एक्क्याण्णव. हिशेब आणि नोंदी चौऱ्याऐंशी. कला एकतीस. खाली हिरव्या अक्षरांत: ‘कल अत्यंत स्पष्ट. विज्ञान शाखा सुचवण्यात येत आहे.’

मंगळवारी शाळेतून छापील प्रत आली. मुलीने ती दोन्ही हातांत धरून वाचली.

“हे माझं आहे? पण मी परत दिलीच नाही.”

“मी बोलले त्यांच्याशी. त्यांनी परत काढला.”

“न देता?”

“त्यात मार्कबिर्क, बाकीची माहितीही धरतात म्हणे.”

एवढं खोटं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. ती कागदाकडे बघत राहिली आणि मग हसली. मी रागवेन या भीतीने हसली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती खरंच खूश झाली होती.

“एक्क्याण्णव,” ती म्हणाली. “आई, माझ्यात हे होतं आणि मला माहीतच नव्हतं.”

तिने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी त्याच वेळी सांगू शकले असते. पुढेही सांगता आलं असतं अशा संधी मी नंतर मोजायला बसले होते. अकरा मोजल्या आणि सोडून दिलं.

दहावीला तिला एकोणऐंशी टक्के पडले. विज्ञान शाखा, आणि तीही अशी की कॉलेजात फक्त प्रयोगांपुरतं जायचं आणि बाकी सगळं क्लासमध्ये. सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी साडेसहाला घरी. हे एकदा म्हणाले होते, “तिला विचार तरी, खरंच करायचंय का.” मी विचारलं. ती म्हणाली, “आई, माझा कलच तो आहे ना.” मी तिच्याकडून होकार मिळाला असं समजले.

क्लासचंही ॲप होतं. हजेरी, दर रविवारची परीक्षा, दोनशे तीस मुलांमध्ये कितवा क्रमांक, हे सगळं सोमवारी सकाळी तिच्या आणि माझ्या फोनवर एकदमच यायचं. पहिल्या परीक्षेत ती एकशे चाळिसावी होती. दिवाळीपर्यंत एकशे नव्वद. जानेवारीत दोनशे बारा. भौतिकशास्त्रात चाळीसपैकी अकरा, मग नऊ, मग सात. ती फोन आडवा धरून ॲपमधला आलेख बघायची. ती रेघ खाली येताना बघायला वेगळी अक्कल लागत नव्हती.

अभ्यास ती करत नव्हती असं कोणी म्हणू शकणार नाही. मी बाजारातून आले तर तिच्या टेबलावर तोच धडा, त्याच पानावर, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. डोक्यावरचा एकेक केस बोटाला गुंडाळून उपटायची तिला सवय लागली. कानामागे रुपयाएवढी जागा मोकळी दिसायला लागली तेव्हा तिने भांग बदलला. जेवताना बोलणं कमी झालं. भाजी कोणती करू विचारलं तर म्हणायची, “कोणतीही.”

एकदा तिच्या बाबांनी जरा चेष्टेत म्हटलं, “अगं, नाही जमत तर सोड. जगात फिजिक्सवाचून कोणाचं अडलंय? माझं बघ. मला अजून पंख्याचा कॅपॅसिटर म्हणजे काय कळत नाही, तरी पंखा फिरतो.”

ती हसली नाही. “तुमचं वेगळं आहे, बाबा. तुमचा कल कोणी काढला नव्हता. माझा एक्क्याण्णव आहे, म्हणजे मला आलंच पाहिजे. येत नाही म्हणजे मीच काहीतरी कमी करतेय.”

मी ताटात भात वाढत होते. मी भात वाढला.

फेब्रुवारीत एक दिवस ती स्वतःहून म्हणाली, “आई, आपण डॉक्टरांकडे जाऊया का?”

“काय होतंय?”

“मला वाटतं माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. दहावीत होतं ते आता नाहीये. ते कुठे गेलं ते बघायला हवं.”

तिने हे सर्दी झाल्यासारखं सांगितलं. जुन्या पनवेलला आमचे ठरलेले डॉक्टर आहेत, ती पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे जाते. नंबर लावला. तिने जुने रक्ताचे अहवाल, चष्म्याचा नंबर, सगळं एका फायलीत लावलं होतं. वर तो कागद. कपाटाच्या दारावरून तिने तो सावकाश सोडवून घेतला असणार, कोपरे फाटले नव्हते.

डॉक्टरांनी आधी तोच वाचला. “अरे वा. एक्क्याण्णव! मग बाळा, अडचण कुठे आहे?”

“तेच विचारायला आलेय, डॉक्टर. तेव्हा एवढं होतं. आता दोनशे तीसमध्ये दोनशे बारावी येते. माणसाचं डोकं असं कमी होऊ शकतं का? दीड वर्षात?”

डॉक्टर हसायला गेले आणि थांबले. त्यांनी तिला झोपेचं विचारलं, जेवणाचं, पाळीचं. डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. कानामागची जागा त्यांच्या लक्षात आली, तिथे त्यांनी एक बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी फायलीकडे बघत होते.

“मी एका मानसोपचारवाल्या मॅडमना चिठ्ठी देतो,” ते म्हणाले. “त्या स्मरणशक्ती, बुद्धिमत्ता यांची चाचणी घेतील. संगणकावरच असते. आणि आपल्याकडे आधीचा आकडा आहेच हा, तेव्हा आत्ताच्या आकड्याशी ताडून बघता येईल. किती फरक पडलाय ते नेमकं कळेल.”

मुलीने मान डोलावली. तिला ते पटलं होतं. नेमकं कळेल, हे तिला नेहमीच पटतं.

दवाखान्याचा जिना अरुंद आहे. ती पुढे, मी मागे. खाली रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, “थांब. त्या मॅडमकडे हा कागद न्यायचा नाही.”

“का? डॉक्टर म्हणाले ना, ताडून बघायला...”

“तो आकडा तुझा नाही.”

“मग कोणाचा?”

“माझा.”

तिला लगेच कळलं नाही. मी सांगितलं. रविवार, लिंक, जन्मतारीख. ‘परत काढला’ हे खोटं होतं, मार्क वगैरे काही धरलेलं नव्हतं. मी सांगत असताना रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, “कुठं, खांदा कॉलनी? बसा की ताई, एकच सीट राहिलीय, मुलीला मांडीवर घ्या.” ती त्याला म्हणाली, “आम्ही चालत जाणारोत.” तीन किलोमीटरच्या वर असेल. आम्ही चालत निघालो.

पुलाशी आल्यावर ती म्हणाली, “म्हणजे माझं काही गेलेलं नाहीये.”

“नाही.”

“नव्हतंच ते.”

“असं नाही...”

“आई, नव्हतंच. मी तेव्हा लिहिलं होतं की मला माहीत नाही. तेवढंच होतं.” थोड्या वेळाने तिने विचारलं, “त्यात माझी उत्तरं किती होती?”

“असतील वीस-बावीस.”

“मोजली नाहीस?”

“नाही.”

“तू मोजली नाहीस,” ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. “आणि मी पहिल्यांदा दिली तेव्हा एकशे एकतीस तटस्थ होती. मग तेरा मी दुसरी दाबली होती. ती कुठली, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही?”

हा आकडा माझ्यासमोर छापलेला होता. एकशे चव्वेचाळीस वजा एकशे एकतीस. बावन्न मिनिटांचा भागाकार मी केला होता, पण ही वजाबाकी केली नव्हती. तेरा म्हणजे नमुना फार लहान, त्यातून काही निघत नाही, असं मनात कुठेतरी धरून मी पुढे गेले असेन.

“कुठली होती?” मी विचारलं.

तिने बराच विचार केला. आम्ही पूल उतरून कॉलनीच्या वळणावर आलो तरी ती आठवत होती.

“एक काहीतरी पत्र वाचून दाखवण्याबद्दल होतं. का पत्ता शोधून देण्याबद्दल. नाही आठवत. तेव्हा मला ठामपणे माहीत होती ती तेरा. आता नाही आठवत, आई.”

घरी मी यांना सगळं सांगितलं. हे ताटावरून उठले नाहीत, ओरडले नाहीत. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाले, “मला तरी सांगायचंस. मी तिला सोड म्हणून सांगत होतो, ती तुझ्या आकड्याशी भांडत होती.” त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी बोललेले नाहीत. मुलीशी बोलतात. मी खोलीत गेले की दोघं थांबतात.

पुढच्या आठवड्यात मी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. वाटलं, निदान तिथली नोंद खरी करावी. वर्गशिक्षिका करिअर कक्षातच होत्या. टॅब एका लोखंडी कपाटात चार्जिंगला लावलेले, भिंतीवर मोठा फलक: ‘आमच्या शाळेचा कल: विज्ञान.’ खाली वर्तुळाचे तुकडे करून काढलेली आकृती.

मी सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मध्येच त्यांनी दार लोटून घेतलं.

“ताई, तुम्ही पहिल्या नाही. मला वाटतं बऱ्याच घरी असंच झालंय. आणि ज्यांच्या घरी फोनच नव्हता, त्यांचे मी भरले. सोमवारी सगळे गेले पाहिजेत म्हणत होते. मी काय करणार? एकेका मुलाचा चेहरा आठवून भरले. नऊ मुलांचे.”

“तुम्ही कोणता विषय शिकवता?”

“विज्ञान,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी त्या फलकाकडे बघितलं.

त्याच आकृतीवरून शाळेने यंदा नववीचा वीजजोडणीचा आणि शिवणाचा तास बंद करून विज्ञानाचा जादा तास ठेवला होता. मी म्हटलं, निदान आमच्या मुलीचा अहवाल तरी रद्द करा. त्यांनी टॅब काढून मला दाखवलं. पुन्हा द्या, छापा, पाठवा, अशी तीन बटणं होती. रद्द करा असं नव्हतं. “वर कळवते,” त्या म्हणाल्या. “पण ताई, माझ्या त्या नऊंचं कुठे बोलू नका.” मी बोलणार नाही म्हणाले. इथे लिहिते आहे, पण शाळेचं नाव लिहीत नाही, एवढंच माझ्याकडून त्यांच्यासाठी.

मुलीने वर्ष पुरं केलं. क्लासला जायची, रविवारच्या परीक्षेला बसायची नाही. त्यामुळे सोमवारी माझ्या फोनवर ‘गैरहजर’ एवढंच यायचं. मानसोपचारवाल्या मॅडमकडे ती गेली, बाबांबरोबर, कागदाशिवाय. तिथे काय झालं ते मला सांगितलेलं नाही. केस उपटणं थांबलं का, हे विचारायचा मला धीर नाही. भांग अजून त्याच बाजूला आहे. अकरावीच्या परीक्षेत तीन विषय राहिले. कॉलेजच्या बाईंनी सांगितलं की मधूनच शाखा बदलता येणार नाही, बदलायची तर पुन्हा नव्याने अकरावीलाच अर्ज करावा लागेल. म्हणजे एक वर्ष गेलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “करते.” कोणत्या शाखेला, असं मी विचारलं. ती म्हणाली, “बघते.”

मे महिन्यात, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, मी प्रयोगशाळेत असताना तिचा फोन आला. कामाच्या वेळेत ती सहसा करत नाही. मी हातमोजे काढून बाहेर व्हरांड्यात आले.

“आई, तुझ्या फोनवर एक ओटीपी आला असेल. सांग.”

“कशाचा?”

“प्रवेशाच्या पोर्टलचा. तिथे दहावीपासून तुझा नंबर आहे.”

मी संदेश उघडला. ‘नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी आपला सहा अंकी संकेतांक.’ तिला अर्ज भरायचा होता आणि त्याआधी माझा नंबर काढून तिचा घालायचा होता. तेवढ्यासाठीच तिला माझी गरज होती. अर्ज कुठे, कोणता, कोणत्या क्रमाने, यातलं काही पुढे माझ्या फोनवर येणार नव्हतं. संकेतांक दहा मिनिटं चालणार होता. मी विचारू शकत होते, आधी सांग कुठे भरतेयस, मग देते. हे माझ्या मनात आलं, हेही खरं आहे.

मी अंक वाचले. एकेक सुटा, वहीत उतरवून देताना वाचतो तसा.

“शेवटचे दोन परत सांग.”

“सात. शून्य.”

पलीकडे ती टाइप करत असल्याचा आवाज आला.

“झालं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.